परवानगी एकाला, ताबा दुसऱ्याकडे : ब्राउझर-एक्स्टेन्शनच्या सुरक्षेचा इतिहास

संकेतस्थळे उघडण्यासाठी संगणकावर जो ब्राउझर वापरला जातो, त्याच्या अंगी मूळचे नसलेले एखादे काम त्याच्याकडून करवून घेण्यासाठी बाहेरच्या लेखकाने लिहिलेला जो छोटा प्रोग्राम त्याला जोडला जातो, त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. जाहिराती अडवणे, पासवर्ड लक्षात ठेवणे, इंग्रजी मजकुरातील चुका दाखवणे, रोमन कळफलकावरून देवनागरी उमटवणे अशी नाना कामे या जोडसामानाने गेली पाव शतकभर केली आहेत, आणि तेवढ्याच काळात त्याच्या आडून पासवर्ड चोरणे, वाचनाच्या सवयी विकणे आणि दुसऱ्याच्या पानावर आपल्या जाहिराती चिकटवणे हेही उद्योग चालत आले आहेत. ब्राउझर बनवणाऱ्यांनी या काळात हात बांधून स्वस्थ बसणे पसंत केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उपाय झाले आणि त्यांतील काही उत्तम होते. मात्र धोका कोणत्या बाजूने येणार याविषयीचा अंदाज जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर एक पाऊल मागे राहिला.

एक्स्टेन्शनला ब्राउझरच्या आत कोणते स्थान मिळते, हे ध्यानात घेतल्याशिवाय या इतिहासाचा अर्थ लागत नाही. बँकेच्या पत्त्याशेजारी वर्षानुवर्षे दिसत आलेल्या कुलपाचा अर्थ एवढाच होता, की बँकेचा संगणक आणि ग्राहकाचा ब्राउझर यांच्यामधल्या वाटेवर मजकूर सांकेतिक रूपात असतो. ब्राउझरमध्ये पोहोचताच तो उलगडतो, आणि सर्व संकेतस्थळांवरील मजकूर वाचण्याची व बदलण्याची परवानगी असलेले एक्स्टेन्शन तो उलगडलेला मजकूरच पाहते. एकदा ओळख पटलेल्या ग्राहकाला पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारावा लागू नये म्हणून संकेतस्थळ ब्राउझरकडे जी खूण ठेवते, त्या कुकीपर्यंतही अशा एक्स्टेन्शनचा हात पोहोचू शकतो; तसे झाले तर मोबाइलवर येणारा ओटीपी निरुपयोगी ठरतो, कारण तो टप्पा ओलांडून झालेला असतो. हे सामर्थ्य मागणाऱ्या प्रत्येकाचा हेतू वाईट असतो असे मुळीच नाही. कोणत्याही पानावर मराठी टाइप करू देणाऱ्या साधनाला त्या पानावर दाबली जाणारी प्रत्येक कळ कळणे भागच आहे, त्याशिवाय ते काम करूच शकणार नाही. पण हेच सामर्थ्य चोरालाही पुरते, आणि परवानगी मागणारा मजकूर दोघांच्याही बाबतीत अक्षरशः एकच असतो.

मायक्रोसॉफ्टने १९९७ साली इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीत ‘ब्राउझर हेल्पर ऑब्जेक्ट’ नावाची सोय आणली, तेव्हा परवानगीचा प्रश्न कोणाच्या मनातही नव्हता. ब्राउझर सुरू होताच त्याच्या पोटात आपोआप शिरणारी ही संकेतफाइल ब्राउझरला जे जे करता येई ते सर्व करू शकत असे, आणि आपल्या ब्राउझरमध्ये अशा किती फाइली वस्तीला आहेत हे पाहण्याची खिडकीसुद्धा वापरकर्त्याला दिलेली नव्हती. पुढे फुकट सॉफ्टवेअरच्या पोटातून आलेल्या टूलबारांची एकावर एक चढलेली चळत, परस्पर बदललेले मुखपृष्ठ आणि भलत्याच शोधयंत्राकडे वळवलेला शोध हे दृश्य सर्वत्र दिसू लागले. याच काळात गेटर या अमेरिकी कंपनीचा प्रोग्राम गाजला. अर्जातील नाव-पत्ता आपोआप भरून देणे हे त्याचे उघड काम; प्रत्यक्षात वापरकर्ता कोणती पाने पाहतो यावर नजर ठेवून त्या पानांवर स्वतःच्या जाहिराती उघडणे हा त्याचा धंदा होता, आणि फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या कझासारख्या प्रोग्रामबरोबर तो लाखो संगणकांवर उतरला. आपल्या पानांवर परक्याने जाहिराती लावाव्यात हे वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स आदी वृत्तपत्रांच्या प्रकाशकांना मानवले नाही, त्यांनी २००२ साली न्यायालयात धाव घेतली आणि पुढल्या वर्षी प्रकरण तडजोडीने मिटले. त्याच वर्षी कंपनीने आपले नावही बदलून क्लेरिया असे केले. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये बाहेरून आलेल्या जोडण्यांची यादी दाखवणारी व त्या बंद करू देणारी सोय आली ती विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर, म्हणजे ऑगस्ट २००४ मध्ये. मूळ दार उघडल्याला तोवर सात वर्षे होत आली होती.

नोव्हेंबर २००४ मध्ये मोझिला या संस्थेच्या फायरफॉक्स ब्राउझरची पहिली आवृत्ती आली आणि एक्स्टेन्शन लिहिणे हा हौशी लोकांचा उद्योग बनला. मोझिलाने त्यासाठी एक अधिकृत संग्रह उघडला, स्वयंसेवक परीक्षक नेमले आणि प्रामुख्याने त्यांच्या चांगुलपणावर ती व्यवस्था चालली. एक्स्टेन्शनला ब्राउझरइतकेच अधिकार असत, म्हणजे संगणकावरील फाइली वाचण्यापासून दुसरा प्रोग्राम चालू करण्यापर्यंत सर्व काही. त्यामुळे परीक्षकाच्या नजरेतून सुटलेली एक ओळही महाग पडू शकत होती. मे २००८ मध्ये फायरफॉक्सच्या व्हिएतनामी भाषासंचात नको ती ओळ शिरल्याचे उघड झाले. संच बनवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या स्वतःच्या संगणकाला विषाणूची लागण झालेली होती आणि त्या विषाणूने हाती लागेल त्या पानात ती ओळ घुसवली होती. २०१० च्या जूनमध्ये त्याच संग्रहात आलेल्या ‘मोझिला स्निफर’चा हेतू मात्र निःसंशय वाईट होता. कोणत्याही संकेतस्थळावर भरलेला पासवर्ड ते दूरच्या एका संगणकाकडे पाठवीत असे, आणि महिनाभराने ते उघडकीस आले तेव्हा सुमारे १,८०० लोकांनी ते उतरवून घेतले होते. आजच्या मानाने आकडा किरकोळ आहे. पण ते संग्रहात आले ते केवळ विषाणूशोधक यंत्रणेची चाळणी पार करून, मानवी परीक्षणाविना, आणि एक्स्टेन्शनमधील खोट अशा चाळणीत सापडत नाही, कारण तिच्या दृष्टीने तो साधा, निर्दोष जावास्क्रिप्ट मजकूर असतो.

या दोन घटनांच्या मध्ये, मे २००९ मध्ये, घडलेला एक तंटा वरवर क्षुल्लक वाटतो, पण पुढच्या काळाची चाहूल त्यातच होती. संकेतस्थळांवरील धोकादायक संकेत, म्हणजे प्रोग्रामचा मजकूर, रोखणारे ‘नोस्क्रिप्ट’ आणि जाहिराती अडवणारे ‘ॲडब्लॉक प्लस’ ही दोन्ही एक्स्टेन्शन्स सुरक्षेची चाड असणाऱ्या लोकांची लाडकी होती. नोस्क्रिप्टच्या लेखकाचे उत्पन्न त्याच्या संकेतस्थळावरील जाहिरातींतून येई आणि ॲडब्लॉक प्लसमुळे ते बुडू लागले, तेव्हा त्याने नोस्क्रिप्टच्या नव्या आवृत्तीतून दुसऱ्या एक्स्टेन्शनच्या कामात गुपचूप ढवळाढवळ केली. बोभाटा झाला, त्याने जाहीर माफी मागितली आणि बदल मागे घेतला. वापरकर्त्याने एका कामासाठी दिलेली जागा लेखकाला अद्यतनाच्या वाटेने दुसऱ्या कामासाठी वापरता येते, ही गोष्ट या तंट्याने सर्वांसमोर आणली; अद्यतन म्हणजे जुनी आवृत्ती आपोआप बदलून तिच्या जागी नवी येणे. मोझिलाने त्यावर वापरकर्त्याला अनपेक्षित असा बदल त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय करू नये असे धोरण मांडले खरे, पण ते लेखकाच्या सचोटीवरच विसंबलेले होते.

गूगलच्या क्रोमने डिसेंबर २००९ मध्ये एक्स्टेन्शन्सचे दालन उघडले, तेव्हा त्यामागे प्रथमच एक सुसंगत सुरक्षा-विचार होता. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि गूगल यांच्याशी संबंधित चार संशोधकांनी २०१० साली मांडलेल्या निबंधात तो सविस्तर आढळतो. फायरफॉक्सची २५ लोकप्रिय एक्स्टेन्शन्स तपासून त्यांनी दाखवले, की त्यांपैकी ८८ टक्क्यांना मिळालेले सर्व अधिकार कामासाठी लागतच नव्हते. म्हणून नव्या रचनेत एक्स्टेन्शनने आपल्याला कोणत्या संकेतस्थळांचा आणि ब्राउझरच्या कोणत्या सोयींचा अधिकार हवा ते ‘मॅनिफेस्ट’ नावाच्या एका फाइलीत आधी लिहून द्यायचे, वापरकर्त्याने ते वाचून होकार द्यायचा, आणि पुढे ब्राउझरने त्यापलीकडे काही करू द्यायचे नाही, असे ठरले. शिवाय पानाला प्रत्यक्ष स्पर्श करणारा भाग आणि मोठे अधिकार बाळगणारा भाग वेगवेगळे ठेवले गेले. ही रचना इतकी सरस होती की पुढे फायरफॉक्सनेही आपली जुनी पद्धत नोव्हेंबर २०१७ मध्ये मोडीत काढून तिच्याशी मिळतीजुळती पद्धत स्वीकारली. पण निबंधकर्त्यांनी गृहीत काय धरले होते, ते मुळातून पाहण्यासारखे आहे. एक्स्टेन्शनचा लेखक सज्जन आहे, फक्त त्याच्या हातून चुका होतात, आणि त्या चुकांचा फायदा एखादे दुष्ट संकेतस्थळ घेईल, या आक्रमणापासून बचाव हा त्यांचा विषय होता. लेखकच फिरला तर, हा प्रश्न त्या चौकटीबाहेर ठेवलेला होता, आणि पुढील दहा वर्षांत नेमका तोच ऐरणीवर आला.

याचे मूळ तंत्रात कमी आणि अर्थव्यवहारात अधिक आहे. एक्स्टेन्शन फुकट मिळावे अशी सवय लोकांना पहिल्यापासून लागली. लेखक सुट्टीच्या दिवसांत काहीतरी उपयुक्त लिहितो, ते लाखभर लोकांच्या ब्राउझरमध्ये जाऊन बसते, तक्रारींची पत्रे रोज येतात आणि उत्पन्न शून्य असते. अशा वेळी कोणी अनोळखी माणूस विकत घ्यायला आला तर मोह न होणे कठीण. आणि हा व्यवहार भाडेकरूंसकट वाडा विकण्यासारखा होतो : संकेताबरोबर वापरकर्तेही नव्या मालकाच्या पदरात पडतात, आणि त्यांना त्याची वार्ताही नसते. क्रोम दर काही तासांनी नवी आवृत्ती शोधून ती न विचारता बसवतो, ही सोय चुका लवकर दुरुस्त व्हाव्यात म्हणून केलेली. तीच नव्या मालकाचे वाहन बनली. नवी आवृत्ती जास्तीची परवानगी मागत असेल तर क्रोम ते एक्स्टेन्शन थांबवून वापरकर्त्याला विचारतो, एवढा आडसर जरूर आहे, पण सर्व संकेतस्थळांची परवानगी ज्याच्याकडे आधीच आहे त्याला आणखी मागायचे काहीच उरत नाही. अशा एक्स्टेन्शनला बाजारात भाव आला तो यामुळे.

२०१४ च्या जानेवारीत या व्यवहाराचा बोलबाला झाला तो एका भारतीय तंत्रलेखकाच्या जाहीर कबुलीमुळे. फीडली या वाचनसेवेसाठी तासाभरात लिहिलेले आपले छोटे एक्स्टेन्शन, ज्याचे ३० हजारांवर वापरकर्ते होते, त्याने चार आकडी डॉलरला विकले होते. महिनाभरात नव्या मालकाने त्यात जाहिराती घुसवल्या आणि गूगलने ते काढून टाकले. पाने हव्या त्या रंगरूपात दाखवणारे ‘स्टायलिश’ २०१७ च्या आरंभी सिमिलरवेब या वाहतूक-विश्लेषक कंपनीकडे गेले आणि त्यानंतर ते वापरकर्त्याने पाहिलेल्या प्रत्येक पानाचा पत्ता गोळा करू लागले. जुलै २०१८ मध्ये हे उघडकीस आल्यावर क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्हींच्या दालनांतून ते काढले गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘नॅनो ॲडब्लॉकर’ विकले गेल्यावर काही वापरकर्त्यांना आपल्या इन्स्टाग्राम खात्यावरून अनोळखी लोकांच्या छायाचित्रांना आपोआप पसंती जात असल्याचे आढळले.

यांतील सर्वांत शिकवणारे प्रकरण ‘द ग्रेट सस्पेंडर’चे आहे. न वापरलेले टॅब झोपवून संगणकाची स्मृती वाचवणारे हे एक्स्टेन्शन २० लाखांहून अधिक लोक वापरत होते, आणि त्याचा संकेत कोणालाही वाचता येईल असा खुला होता, त्यामुळे जाणकार मंडळीही ते निर्धास्तपणे सुचवीत. जून २०२० मध्ये मूळ लेखकाने ते दुसऱ्याच्या हवाली केले. नवा मालक कोण, हे कधीच जाहीर झाले नाही. ऑक्टोबरमध्ये दालनात आलेली आवृत्ती खुल्या संकेताशी जुळत नाही आणि दूरच्या संगणकावरून आणखी संकेत ओढून चालवते, हे काही चौकस लोकांच्या लक्षात आले. खुला संकेत ही सुरक्षेची हमी मानणाऱ्यांना यातून कळले, की लोकांना दाखवलेला संकेत आणि दालनात चढवलेली फाइल या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्या एकच असल्याची खातरजमा दालन करीत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते दालनातून काढले व लोकांच्या ब्राउझरमधूनही बंद केले, तेव्हा झोपवलेले सर्व टॅब एका क्षणात नाहीसे झाले. अनेकांनी मग ब्राउझरच्या इतिहासात जाऊन प्रत्येक नोंद उघडली, तिच्या लांबलचक पत्त्याच्या शेपटाकडे दडलेला मूळ पानाचा पत्ता कापून घेतला आणि एकेक टॅब हाताने परत मिळवला.

मालकी न बदलताही विश्वास विकता येतो. संकेतस्थळे सुरक्षित आहेत की नाहीत हे हिरव्या-लाल खुणेने सांगणारे ‘वेब ऑफ ट्रस्ट’ आपल्या वापरकर्त्यांचा वाचन-इतिहास विकत असल्याचे नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीच्या एनडीआर या प्रसारण संस्थेने उघड केले. निनावी म्हणवल्या जाणाऱ्या त्या माहितीतून न्यायाधीश आणि लोकप्रतिनिधी ओळखता आले. २०१९ च्या जुलैमधील ‘डेटास्पाय’ प्रकरणात आठ एक्स्टेन्शन्सनी सुमारे ४० लाख लोकांच्या भेटींचे पत्ते गोळा करून एका विश्लेषण-सेवेमार्फत विकाऊ ठेवल्याचे निघाले. नुसत्या पत्त्यांत काय एवढे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु अनेक सेवा एखादा दस्तऐवज दाखवण्यासाठी सहज अंदाज न येणारा लांबलचक पत्ता तयार करतात आणि तो पत्ता जाणणाऱ्याला पासवर्ड विचारत नाहीत. तेथे पत्ता हीच किल्ली असते, आणि विक्रीस निघालेल्या पत्त्यांमागे करविवरणे, वैद्यकीय कागदपत्रे आणि कंपन्यांचे अंतर्गत अहवाल उघडे पडले होते. पुढल्या वर्षी जूनमध्ये अवेक सिक्युरिटी या कंपनीने शंभरावर एक्स्टेन्शन्सचे जाळे उघडकीस आणले, तेव्हा भारताच्या सर्ट-इन या संगणक-आणीबाणी यंत्रणेनेही देशातील वापरकर्त्यांना ती काढून टाकण्याची सूचना दिली.

दालनांचे नियम या काळात कडक होत गेले. एका एक्स्टेन्शनचा उद्देश एकच असावा, विंडोजवर क्रोमने आपल्या दालनाबाहेरचे काही बसवू देऊ नये (मे २०१४), परक्या संकेतस्थळावरून थेट बसवण्याची सोय बंद व्हावी आणि मुद्दाम दुर्बोध केलेला संकेत नाकारावा (२०१८) हे त्यांतले प्रमुख. मोझिलाने प्रत्येक एक्स्टेन्शनवर आपली सांकेतिक सही असणे २०१५ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे केले. मे २०१९ च्या पहिल्या आठवड्यात त्या सहीमागच्या एका प्रमाणपत्राची मुदत नूतनीकरणाविना संपली, आणि जगभरच्या फायरफॉक्समधील जवळजवळ सर्व एक्स्टेन्शन्स एकाच वेळी बंद पडली. ओळख लपवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टॉर ब्राउझरमधले नोस्क्रिप्टही त्यांत होते. संरक्षणासाठी उभारलेली सत्ता एका ठिकाणी एकवटली की तिची साधी चूकही सर्वांना भोवते, हे त्या दोन-चार दिवसांत दिसून आले.

लेखक सज्जन, मालकी कायम, दालन सावध, तरीही धोका उरतो, कारण लेखकाचे खातेच चोरता येते. २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘कॉपीफिश’ आणि दहा लाखांवर वापरकर्ते असलेले ‘वेब डेव्हलपर’ यांच्या लेखकांना गूगलच्या नावाने खोटी पत्रे गेली, त्यांनी खोट्या पानावर पासवर्ड भरले आणि चोरांनी जाहिराती घुसवणाऱ्या आवृत्त्या चढवल्या. पुढे गूगलने लेखकांना दुहेरी पडताळणी सक्तीची केली. २४ डिसेंबर २०२४ रोजी माहिती-सुरक्षेचाच व्यवसाय करणाऱ्या सायबरहेवन या कंपनीच्या कर्मचाऱ्याला, तुमचे एक्स्टेन्शन नियमभंगामुळे काढले जाणार आहे, अशा आशयाचे पत्र आले. त्यातील दुवा गूगलच्या अस्सल संमती-पानावरच नेत होता. तेथे त्याने ‘प्रायव्हसी पॉलिसी एक्स्टेन्शन’ नावाच्या एका अनुप्रयोगाला दालनातील फाइली बदलण्याचा अधिकार दिला. पासवर्ड कोणी मागितला नाही, म्हणून दुहेरी पडताळणी आडवी आली नाही. नाताळच्या दिवशी सुमारे ४ लाख वापरकर्त्यांच्या या एक्स्टेन्शनची दूषित आवृत्ती वितरित होत राहिली. फेसबुकवरील जाहिरात-खाती हे तिचे मुख्य लक्ष्य होते. त्याच टोळीच्या जाळ्यात इतरही तीसेक एक्स्टेन्शन्स सापडली.

क्रोमने २०२१ पासून आणलेल्या आणि २०२४ पासून सक्तीच्या केलेल्या ‘मॅनिफेस्ट व्ही-थ्री’ या नव्या नियमसंचात दूरच्या संगणकावरून संकेत ओढण्यास बंदी आहे, आणि ग्रेट सस्पेंडरचा अनुभव पाहता ती योग्यच म्हणावी लागेल. त्याच नियमसंचाने जाहिरात-रोधकांना प्रत्येक विनंती स्वतः तपासून अडवण्याची मुभाही काढून घेतली, त्यामुळे ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिरात-रोधक पूर्ण रूपात क्रोमवर चालेनासे झाले. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीने सुरक्षेच्या नावाखाली असे करावे यावर टीका झाली आणि ती निराधार नव्हती. चोराने फाइलीतच भरून पाठवलेला संकेत मात्र या नियमाने थांबत नाही.

वापरकर्त्याच्या हाती उरणारे उपाय त्यामुळे परवानगी आकसून घेण्याचे आहेत. ऑक्टोबर २०१८ पासून क्रोममध्ये कोणत्याही एक्स्टेन्शनचा अधिकार ठरावीक संकेतस्थळांपुरता किंवा त्याच्या चिन्हावर क्लिक केल्यावरच मिळेल असा मर्यादित करता येतो. मराठी टाइप करण्याच्या साधनाला लेखनाच्या एक-दोन जागा नेमून दिल्या की बँकेच्या पानावर त्याला काही दिसत नाही. खासगी, म्हणजे इन्कॉग्निटो खिडकीत मुद्दाम मुभा दिल्याखेरीज एक्स्टेन्शन्स चालत नाहीत, आणि आर्थिक कामांसाठी वेगळे प्रोफाइल ठेवले तर एका प्रोफाइलमधले जोडसामान दुसऱ्यात येत नाही. घरच्या खात्याने कचेरीतील ब्राउझरमध्ये प्रवेश केला की सिंक्रोनायझेशनमुळे घरची एक्स्टेन्शन्स तेथे हजर होतात, म्हणून अनेक संस्था सर्वच एक्स्टेन्शन्स अडवून केवळ तपासलेल्या मोजक्यांना वाट मोकळी ठेवतात. सप्टेंबर २०२३ मधील क्रोमच्या ११७व्या आवृत्तीपासून तीन प्रसंगी वापरकर्त्याला सावध केले जाऊ लागले : लेखकाने एक्स्टेन्शन मागे घेतले, गूगलने नियमभंगासाठी ते काढले, किंवा ते घातक ठरले. मालक बदलणे हा प्रसंग या यादीत नव्हता. ते काम २०२४ साली एका स्वतंत्र लेखकाच्या ‘अंडर न्यू मॅनेजमेंट’ने अंगावर घेतले : बसवलेल्या प्रत्येक एक्स्टेन्शनच्या प्रकाशकाची दालनातील नोंद ते अधूनमधून पाहते आणि नोंद बदललेली आढळली तर लाल खूण दाखवते. तेही एक्स्टेन्शनच आहे.